लग्नघर सोडून आलेली फुई

त्या सकाळी माझं अर्धं लक्ष कुकरकडे आणि अर्धं पलंगावर पसरलेल्या साड्यांकडे होतं. दुसऱ्या दिवशी धाकट्या नणंदेची हळद, त्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न. संध्याकाळी आम्हा नवरा-बायकोला असोद्याला, सासरच्या मळ्यावर मुक्कामाला जायचं होतं. भूषण त्यांच्या ठिबक सिंचनाच्या दुकानावर गेले होते, माणसांना कामं लावून देऊन दुपारी येणार होते. मी नव्या ब्लाउजला हुक लावत होते. सुईत दोरा ओवायला म्हणून खिडकीपाशी गेले आणि दार वाजलं.

बेल नाही, दार. आमच्या बिल्डिंगमध्ये भंगारवालासुद्धा बेल दाबतो. हे कोणीतरी तळहातानं थापटत होतं, म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तसं.

उघडलं तर सुगंधाफुई. खांद्याला कापडी पिशवी, हातात भरताची दोन हिरवी वांगी, देठांना धरलेली. डोक्यावरचा पदर एसटीच्या वाऱ्यानं विस्कटलेला.

"फुई! तुम्ही? आत्ता?"

"काहून? येऊ नही का?"

"तसं नाही हो. पण घरी लग्न..."

"लग्न जागेवर हाये. मी आली."

असं म्हणून चपला दाराबाहेर न काढता त्यांनी त्या आत आणल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि फ्रीजला पाठ टेकून जमिनीवर बसल्या.

फुई म्हणजे आत्या, माझ्या सासऱ्यांची, नानांची, थोरली बहीण. असोद्याच्या मळ्यावर, केळीच्या बागेच्या कडेला, दोन खोल्यांत एकट्या राहतात. लग्न त्याच मळ्यावर होतं. त्यांच्या उंबऱ्यापासून मांडवाच्या पहिल्या खांबापर्यंत हाक मारली तर ओ यावी एवढंच अंतर. म्हणजे सगळा गोतावळा ज्या जागेकडे निघाला होता, त्या जागेवरून फुई हळदीच्या आदल्या दिवशी उठून आल्या होत्या. आणि नवरी पुनम ही त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली.

"घरी सांगून आलात ना?"

"कोनाले सांगू? बठ्ठे कामात."

"मग मी फोन करते आईंना."

"नको करू." पाण्याचा तांब्या वरून तोंडात ओतून त्यांनी ओठ पुसले. "आठोन आली तं ते करतीन."

हे लग्न मळ्यावर कसं आलं ते सांगायला हवं. पुनम पुण्यात नोकरी करते. तिनं ऑफिसातल्या मैत्रिणींची लॉनवरची, हॉटेलातली लग्नं पाहिली आणि नानांना म्हणाली, "मला तसलं काही नको. आपल्या शेतात करू. गावच्या जत्रेसारखं. तीन दिवस." नानांना छाती फुगवायला एवढं पुरे होतं. कपाशी निघाली होतीच. पऱ्हाटी उपटून, रोटाव्हेटर फिरवून त्यांनी रान सपाट करून घेतलं. जळगावातून किरण नावाचा एक चुणचुणीत तरुण आला, लग्नाचे कार्यक्रम आखून देणारा. त्यानं केळीच्या खांबांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या. चिंचेखाली बांगडीवाला बसवला, विहिरीपाशी कुल्फीची गाडी, बांधावर लाकडी पाळणा. वरण-बट्टीसाठी गोवऱ्यांची रास लावली. फुईंच्या दोन खोल्यांना चुना देऊन तिथं मोठा आरसा टांगला, कारण नवरीनं कुठं तरी नटायला हवं. फुईंची ट्रंक, गोधड्या आणि पिठाचे डबे पंपाच्या खोलीत गेले.

फुई आल्या तेव्हा मला वाटलं, हेच. खोलीचंच दुखलं. चाळीसेक वर्षं ज्या भिंतीला पाठ टेकली, ती रिकामी करून द्यायची आणि पंपाची घरघर ऐकत झोपायचं, म्हटल्यावर कोणाचंही मन उडेल.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी चहा टाकला. फुईंनी कप नाकारून बशी मागितली. चहा पिता पिता त्यांची नजर दारावर होती. खाली लिफ्ट हलली की पाठ सरळ व्हायची. लिफ्ट वरच्या मजल्यावर गेली की पुन्हा फ्रीजला टेकायची. तेव्हा मला वाटलं, नवीन जागा आहे, बुजल्या असतील.

फोन आला तो दुपारी, सासूबाईंचा. मागे सनई, जनरेटर आणि दहा माणसांचा गलका.

"दिपा, फुई कुठं दिसेनात गं. हळदीचं पितळी घंगाळ त्यांनी कुठं ठेवलंय, तुला काही बोलल्या होत्या का?"

"आई, फुई माझ्याकडे आहेत."

"तुझ्याकडे? जळगावात? बाई! काय करताहेत तिथं?"

मी फुईंकडे पाहिलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घंगाळ पंपाच्या खोलीत, पोत्याखाली हाये. चिंचेनं घासून ठिवलं."

"ऐकलं. बरं, भूषणच्या गाडीत बसवून संध्याकाळी घेऊन ये त्यांना," म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला. आता तरी चौकशी झाली म्हणून फुईंना बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. त्यांनी मेथीची काडी मोडली, एवढंच.

फुईंचं आयुष्य मला तुकड्या-तुकड्यांनी कळलंय, बरंचसं त्यांच्याकडून नाही. सतराव्या वर्षी माघ महिन्यात त्यांचं लग्न झालं, नशिराबादला. माणूस शांत होता म्हणतात, विहिरी खोदायच्या कामावर जायचा. चैत्रात विहिरीची दरड कोसळली. तेराव्याला आजेसासरे नशिराबादला गेले आणि लेकीला ट्रंकेसकट घेऊन आले. पुढं नानांचं लग्न झालं, भावजय आली, पोरंबाळं झाली, घर अपुरं पडायला लागलं. जा असं फुईंना कोणी म्हटलं नाही. केळीच्या राखणीला म्हणून त्या मळ्यावर राहायला गेल्या आणि राखणीचे दिवस सरले तरी तिथंच राहिल्या. गावातल्या घरात त्या तेव्हा पाहुण्यासारख्या झाल्या आणि मळ्यावर तर पाहुणा येणार कुठून.

त्यांचं बोलणं बागेशी, कुत्र्याशी आणि घड काढायला येणाऱ्या माणसांशी. मला त्यांचा फोन दुपारी येतो, साधारण मी भांडी आवरून बसले की.

"दिपा, फोन लागते का ते पाह्यलं."

"लागतोय फुई."

"बरं. ठीव मंग."

सुरुवातीला मला हसू यायचं. मग मीच काहीबाही सांगून लांबवायला लागले. कोथिंबीर महागली, शेजारच्यांची कुत्री व्याली, असलं काही. त्या हुं हुं करत ऐकतात. ठेव म्हणत नाहीत.

पुनम शाळेत होती तेव्हा शाळा सुटली की सायकल थेट मळ्यावर जायची. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन ती फुईंच्या मांडीवर डोकं ठेवून अभ्यास करायची. ती पुण्याला गेली त्या पावसाळ्यात फुईंनी एक वासरू पाळलं. एवढं मी पाहिलंय.

भूषण आले ते घाईतच. गाडी खाली चालूच ठेवून वर आले होते. फुईंना पाहून आधी चमकले, मग हसले.

"काय फुई, पळून आलीस होय? नवरी पळते ऐकलं होतं, नवरीची आत्या पळाल्याचं पहिल्यांदा पाहतोय."

"नवरीले पयाले कुठी सवड? तिच्या हाताले मेंदी हाये."

"चल, ऊठ. तुझ्याशिवाय मांडव हलणार नाही तिथं."

"लोखंडी मांडव तो. हालीन कशाले?"

भूषण त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "कोणी काही बोललं का तुला?"

"बोलाले येळ कोनाले हाये, भाऊ."

"मग खोलीचं? तीन दिवसांचा प्रश्न आहे. मी स्वतः येऊन तुझी ट्रंक जागेवर ठेवतो."

"खोलीचं काय रे? माही पुनम माह्या खोलीत नटीन, चांगलं हाये ते. मी आरसा पुसून आली."

म्हणजे खोली नव्हे. भूषणनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. त्यांनी शेवटचा उपाय म्हणून नानांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकून फुईंपुढं ठेवला.

"अक्का," नाना सुरुवातीलाच ओरडले, "हा काय तमाशा लावला तू? दारात पाव्हणे अन् तू जळगावात जाऊन बसली! लोकं काय म्हणतील?"

फुई मेथी निवडत राहिल्या.

"काय कमी पडलं तुला? साऱ्या बहिणींना एका रंगाची पैठणी घेतली. तुला वेगळी घेतली का?"

"पैठनी संगं आनली म्या."

"मग नेसून ये ना! भूषणची गाडी येऊन राह्यली, बस तिच्यात."

"नही."

"काहून नही?"

फुईंनी फोनकडे पाहिलं, जणू त्यात नाना दिसत होते. मग तो भूषणच्या हातात दिला. "तुह्या बापाचा आवाज फार मोठा हाये. घे बरं."

स्पीकर चालूच होता. "असं का? मग तिला म्हण, नको येऊ. एवढ्या मोठ्या घरचं लग्न एका माणसासाठी अडत नाही."

मेथीवरचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला, पण आता त्या पानांबरोबर काड्याही भांड्यात टाकत होत्या.

भूषण सामान घेऊन पुढं गेले. त्यांच्यावाचून तिथं खरंच अडत होतं. धुळ्याची वऱ्हाडी मंडळी उतरणार होती. मी म्हणाले, "तुम्ही निघा, मी फुईंना घेऊन मागून येते." कशी, ते मलाही माहीत नव्हतं.

ते गेले आणि पुनमचा व्हिडिओ कॉल आला. कोपरापर्यंत मेंदी, कोणीतरी फोन धरलेला, डोळे भरलेले.

"फुई, तू नाही आलीस तर मी हळद लावून घेणार नाही. खरंच सांगते."

"वेडी हायेस का? सासरच्यायची उष्टी हयद येईन, तिले काय वापस धाडशीन? अन् रडू नको, मेंदीले पानी लागीन."

"मग ये ना. मी येऊ का घ्यायला?"

फुईंचा चेहरा क्षणभर एवढा हलला की मला वाटलं, आता उठतात. त्या म्हणाल्या, "नवरीनं गावची शीव ओलांडू नही हयदीआधी. तू नको येऊ, बाई. तू बस." आणि स्क्रीनवर कुठं दाबायचं ते न समजून त्यांनी फोन पालथा घातला. पुनमचं "फुई, फुई" चटईत दबून ऐकू येत राहिलं, मग बंद झालं.

मला आता रागच यायला लागला होता. भाऊ चिडलेला, पुतणी रडतेय, आणि ही बाई फ्रीजला टेकून दाराकडे बघत बसली आहे. पण माझ्या आईचं एक म्हणणं आहे, माणूस रुसलं की त्याच्याशेजारी काम घेऊन बसावं. मी ब्लाउज घेऊन त्यांच्याशेजारी बसले. हुक लावत राहिले. फुईंनी पैठणीची घडी पिशवीतून काढली, हात फिरवला आणि परत ठेवली. पिशवीत दुसरं काहीच नव्हतं, फक्त फणी. राहायला आलेल्या माणसानं निदान रोजची एक साडी आणली असती.

घरच्या ग्रुपवर नवा व्हिडिओ आला, किरणनं पाठवलेला. 'माहेरवाशिणींचं आगमन', वर मोठ्या अक्षरांत. मी दोघींना दिसेल असा धरला.

आपल्याकडे लेक सासरहून माहेरी यायची तर तिला आणायला माहेरचा माणूस जातो. मुऱ्हाळी म्हणतात त्याला. आता लेकी आपापल्या गाड्यांनी येतात, मुऱ्हाळी फक्त अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांत उरलाय. किरणला ही रीत कळली तेव्हा त्याला फार हर्ष झाला होता आणि नानांनाही. लग्नासाठी ते स्वतः मुऱ्हाळी होऊन जामनेरला गेले, नारळ आणि साडी घेऊन, धाकट्या बहिणीला, प्रमिलाबाईंना आणायला. व्हिडिओत गावच्या मारुतीपासून मळ्यापर्यंत झुली घातलेल्या बैलांची दमणी होती, तिच्यात प्रमिलाबाई लाजत बसलेल्या आणि नाना पुढं चालत होते, फेटा बांधून. वरून ड्रोन. शिवेवर दमणी थांबली. प्रमिलाबाई उतरल्या. कोणीतरी त्यांच्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. नानांनी बहिणीला धरून मांडवात नेलं आणि संबळ वाजलं.

"थांबव," फुई म्हणाल्या.

मी थांबवलं. पडद्यावर प्रमिलाबाईंचे पाय, जोडवी, आणि पाणी घालणारा एक हात. मनगटापर्यंतच दिसत होता. गोंदलेला.

"हा हात माहा हाये."

"तुम्ही पाय धुतलेत?"

"मंग कोन धुईन? मी घरचीच. किरण म्हने, आजी, जरा बाजूले सरा, तुमी फ्रेममधी येता." त्या हसल्या. "मी सरली."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"प्रमिला लहान असतानी माह्या कडेवर राहे. तिले आनलं, चांगलं केलं. तुह्या मोठ्या ननंदेले, सुनंदाले, धुयाहून आनलं, तिच्यासाठी तिचा भाऊ भूषण गेला व्हता. दर अखाजीले मी गावातल्या पोरींले झोके बांधून दे. लिंबाले, दोन्ही फांद्यायले. कोनाची लेक कवा आली, कोन घ्यायले गेलं व्हतं, बठ्ठं माह्या ध्यानात हाये."

मी सुई टोचून ठेवली.

"माहं लग्न माघात झालं," त्या म्हणाल्या. "पहिल्या अखाजीले लेक माहेरी येते. मी दिवस मोजत व्हती. मुऱ्हाळी कोन येईन, तुहा सासरा रुपचंद येईन का चुलतभाऊ बापू येईन? रुपचंद बारीक व्हता, पन त्यालेच धाडा म्हने मी मनातल्या मनात. चैत्रात हे असं झालं. अखाजी आली तवा मी घरीच व्हती."

"पण तुम्हाला आणलं तर होतं ना? आजोबा आले होते."

"ते आननं नव्हं, पोरी." फुईंनी अगदी सावकाश सांगितलं. "ते उचलून ठिवनं व्हतं. भांडं उचलून आनतात तसं. बापानं ट्रंक धरली, मी मागून चालली. ना कोनी पाय धुतले ना तुकडा ओवायला. त्या दिवसात कोन ओवायीन? मंग मी इथंच राह्यली. जी घरातच हाये तिले कोन आनीन? आनाले आधी दूर असावं लागते."

खाली लिफ्ट हलली. त्यांची पाठ सरळ झाली. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली, कोणाचं तरी दार उघडलं, लागलं.

आता मला त्या भिंतीशी जोडून ठेवलेल्या चपला, पिशवीतली एकुलती एक पैठणी आणि दिवसभर दारावरची नजर, सगळं एकत्र दिसलं. त्या रुसून आल्या नव्हत्या. त्यांना दूर जायचं होतं. एसटीनं जाता येईल एवढंच दूर त्यांना माहीत होतं, म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

"म्हणून आलात तुम्ही."

"हां. प्रमिलाले आनलं ते पाह्यलं. रात जराशी झोप नही लागली. सकायी म्हटलं, जाऊन पाहावं. मी गेली, तं कोनीतरी येईनच ना घ्यायले. एवढं घर हाये, भाऊ हाये." मग म्हणाल्या, "मले काय माहीत, घंगाळासाठी फोन येईन."

मी म्हणाले, "फुई, पुनम निघाली होती की यायला. आणि भूषण आले होते, गाडी घेऊन."

"पुनमले म्या नही म्हटलं, तिची हयद हाये. भूषण सामानाले आला व्हता." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. "भूषण माह्या भावाचा लेक. प्रमिलाले भावानं आनलं. मले भाऊ एकच हाये."

"नाना रागात आहेत. त्यांच्या तोंडून गेलं ते..."

"त्याचा राग मी लहानपनापासून पाह्यते. निघते अन् जाते." मेथीच्या भांड्यातून त्यांनी एकेक काडी वेचून बाहेर काढायला सुरुवात केली. "मले गाडा नको. बैल नको. ते वर उडनारं बी नको. एसटीनं आला तरी चालीन, दोघं भाऊबहीन उभ्यानं जाऊ."

मी फोन उचलला. नानांचं नाव काढलं आणि त्यांच्याकडे पाहिलं, काय सांगू म्हणून.

फुईंनी पदर डोक्यावर नीट घेतला, जणू नाना दारात आलेच होते.

"एवढंच सांग त्याले," त्या म्हणाल्या. "अक्काले घ्यायले ये म्हना."